पोस्टरच्या खालची ओळ

३ ऑक्टोबर

हे लिहायला बसले, कारण बोलायला कोणी नाही. नवऱ्याला, अंकुशला, सांगावं तर तो हसतो. माहेरी सावलीला आईला फोन करावा तर ती माझ्याआधी रडायला लागते आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागते.

काल दसऱ्याला आमच्या नाटक कंपनीच्या बुकिंग ऑफिसात पूजा झाली. पेटी, तबला, अंकुशची लाकडी तलवार, आणि शेवटी कॉम्प्युटर. लग्न होऊन मी वडशात आले त्या वर्षापासून त्या कॉम्प्युटरला कुंकू मी लावते. काल मामाजींनी ताट दिव्याच्या हातात दिलं. म्हणाले, "घरी इंजिनियर आहे त तिच्याच हातानं लावू." तिने लावलं, तेही नेमकं सुरू करायच्या बटणावर. झेंडूची माळ मात्र मीच ओवलेली होती. त्याबद्दल कोणाला काही आठवलं नाही.

दिव्या म्हणजे माझी धाकटी जाऊ. मे महिन्यात लग्न झालं. अमर भाऊजी नोकरीला एटापल्लीकडे, पंधरवड्यातून एकदा येतात. ती नागपूरच्या कुठल्याशा कंपनीचं काम इथूनच करते, वरच्या खोलीत दार लावून. मामाजी, म्हणजे आमचे सासरे मनसाराम, नाटक कंपनी चालवतात. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीतल्या गावागावात मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात आणि रात्री नाटक लागतं. त्या नाटकाचं बुकिंग करायला लोक वडशाला येतात आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसतात. अंकुश कंपनीत खलनायक आहे. मी बुकिंगवाली. दरवर्षी पोस्टरच्या अगदी खाली एक ओळ असते: "बुकिंगसाठी संपर्क: निशा मॅडम". सावलीच्या बसस्टँडवर ते पोस्टर लागतं तेव्हा आई शेजारणींना नेऊन दाखवते.

या वर्षी ती ओळ बदलायची आहे, असं मामाजी काल जेवताना म्हणाले. भाताचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

५ ऑक्टोबर

मूळ भानगड अशी. गेल्या वर्षी एकाच रात्रीसाठी दोन गावांना आमचं नाटक लागलं. मामाजी एका लग्नात एका गावाला शब्द देऊन आले, मी दुसऱ्या गावाला पावती दिली. एका गावात मंडप, पाहुणे, सगळं तयार आणि नाटकच नाही. लोकांनी मामाजींची जीप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोडली नाही. खापर माझ्यावर फुटलं. वर या पावसाळ्यात कॉम्प्युटरची डिस्क गेली आणि जुना सगळा हिशेब बुडाला.

दिव्याचं म्हणणं, आता नीट डेटाबेस टाकू. एका तारखेला एक कंपनी एकदाच, दुसऱ्यांदा टाकली तर मशीनच नाही म्हणेल. फुकट मिळतो म्हणे. कल्पना चांगली आहे. मला सुचली असती तर जास्त चांगली वाटली असती.

पण मशीन जुनं. नवं घेता येत नाही, कारण पावत्या छापायचा कर्रकर्र वाजणारा प्रिंटर फक्त त्यालाच जोडता येतो, आणि त्यातून निघालेली गुलाबी पावती हातात पडल्याशिवाय गावचे लोक बाकावरून उठत नाहीत. दिव्या म्हणाली, "ताई, इतक्या जुन्या सिस्टीमसाठी तयार पॅकेज आता कोणी देत नाही. सोर्स आणून कंपाइल करावा लागेल."

मी मान हलवली, जणू रोज सकाळी उठून मी तेच करते. तिच्या लक्षात आलं असावं. म्हणाली, "सोर्स म्हणजे तांदूळ हो. भात आपण आपल्या चुलीवर शिजवायचा."

धान पिकवणाऱ्या वडशात राहणाऱ्या बाईला ही तांदूळ समजावते!

मी मामाजींना म्हटलं, "हे मी करीन." मामाजी हसले. "करा न दोघीबी. ज्याच्या हातानं मशीन चालू होईन, त्याचं नाव पोस्टरवर." ते गमतीत बोलले. मी गमतीत घेतलं नाही.

८ ऑक्टोबर

तीन दिवस झाले, मशीन शिजवते आणि अर्ध्यावर करपवते. हजारभर ओळी सरसर वर जातात, बघायला बरं वाटतं, आणि मग एकदम थांबून सांगतं की कंपाइलर मारला गेला. कोणी मारला ते सांगत नाही. दर वेळी वेगळ्याच जागी मरतो.

दिव्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "एका वेळी एकच काम द्या त्याला, म्हातारं आहे." मी चार कामं एकदम दिली. तिने सांगितलं नसतं तर कदाचित एकच दिलं असतं. आज दारात उभी राहून पुन्हा म्हणाली, "मेमरी कमी पडते, ताई. डिस्कवरची थोडी जागा मेमरीसारखी वापरायला देता येते. करून देऊ का?"

"नको."

"बरं. ते पावतीचे तिहेरी कागद कसे लावतात, मला शिकवाल का?"

घ्या! आता कागदही हवेत. खुर्ची, पोस्टर, मग कागद. चहाचा कप तेवढा माझ्याकडे राहील.

अंकुशला तालमीहून आल्यावर हे सांगितलं. तो मिशी उतरवत होता. म्हणाला, "मी बारा वर्षं झाले हिरोचा मार खाऊन राह्यलो. पोस्टरवर त्याचं तोंड माह्यापेक्षा मोठं रायते. जळलो का कधी? हिरोच नाई आला त मले मारन कोण?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. त्याला काय, गावागावात बाया त्याला शिव्या देतात आणि तो खूश असतो.

१२ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं फार नाही. मशीन अजून करपतंय.

दुपारी नागपूरहून कुरिअरवाला आला होता. दिव्याच्या कंपनीचा लॅपटॉप आणि गळ्यात घालायचं ते ओळखपत्र डब्यात भरून घेऊन गेला. नवीन येणार असेल. मोठ्या कंपन्यांत दरवर्षी बदलून देतात म्हणे. तोवर ती कॉलेजातला स्वतःचा लॅपटॉप वापरतेय, आणि तोसुद्धा आमच्या मशीनच्या चौपट पळतो.

जेवायला खाली आली तेव्हा डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाली, कांदा कापला. आज वांग्याची भाजी मी केली होती आणि घरात कांदा संपला आहे. खोटं बोलायचं तर नीट बोलावं. दिवसभर त्या पडद्याकडे बघून डोळे लाल होतात हे सांगायला तिला कमीपणा वाटतो, एवढंच.

१५ ऑक्टोबर

दिव्या सकाळच्या गाडीने नागपूरला गेली. इस्त्रीचा ड्रेस, हातात फाईल. "मुलाखत आहे," म्हणाली. आता ही लोकांच्या मुलाखतीही घेते! मामाजींनी स्टेशनवर सोडलं. मला सावलीला जायचं असतं तेव्हा मी ऑटो करते.

जाताना लॅपटॉप ठेवून गेली. त्यात तिने आमच्या जुन्या सिस्टीमची हुबेहूब नक्कल चालवून ठेवली आहे, सरावासाठी. पासवर्ड तिने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. "कधीही वापरा ताई, विचारू नका." तेव्हा मला तो दिखावा वाटला. आज उपयोगी पडला.

मी तिच्या लॅपटॉपवर शिजवलं. नेटवर एकाने लिहिलं होतं की वेग वाढवायचा असेल तर कंपाइल करताना ही एक ओळ घाला, प्रोग्राम तुमच्या मशीनच्या अगदी मापाचा होतो. घातली. आपलं काम तिच्यापेक्षा वेगवान झालं तर काय वाईट? चहा उकळेपर्यंत सगळं तयार. एकदाही पडलं नाही. खोटी गावं टाकून पाहिली, एका तारखेला दोनदा टाकली तर खरंच नाही म्हणालं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि ऑफिसच्या मशीनवर उतरवलं. सुरू झालं. हिरवी ओळ आली. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

तिथे मात्र नोंद टाकून पाहिली नाही. आमच्याकडे रीत आहे: भाऊबीजेचा नारळ फुटेपर्यंत बुकिंगच्या मशीनवर नोंद करायची नाही, खोटीसुद्धा नाही. पहिली नोंद आणि पहिली पावती माता मायच्या, म्हणजे आमच्या ग्रामदेवीच्या नावाची, मग गावांची. मामाजींच्या वडिलांपासून चालत आलं आहे, तेव्हा तर नुसती वही होती.

मामाजींना सांगितलं, "झालं जी." ते म्हणाले, "कोन केलं?" मी म्हटलं, "मी." किती गोड शब्द आहे हा.

१६ ऑक्टोबर

दिव्या काल संध्याकाळी परत आली, न जेवता झोपली. आज मी तिला सांगितलं की मशीन चालू झालं. तिने माझा हात धरला. "ताई, मस्तच! कसं केलं?" मी म्हटलं, "झालं कसंतरी." लॅपटॉपचं बोलले नाही. ती खरंच खूश दिसत होती, आणि त्याचा मला जास्त राग आला. थोडं तरी जळायला काय होतं हिला? म्हणजे मी तिच्या खिजगणतीतही नाही.

२० ऑक्टोबर

फराळात दिवस गेले. अमर भाऊजी आले आहेत. दोघं गच्चीवर बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. भाऊजी म्हणत होते, "घरी सांगून टाक न." ती म्हणाली, "दिवाळी होऊ द्या."

काय सांगायचं असेल? मला वाटतं ती ऑफिस मागणार आहे. पूर्ण.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी ऑफिस भरलं. कुरखेड्याकडची, एटापल्लीकडची मंडळं, सावलीजवळच्या एका गावाचे लोक तर माझ्या माहेरचेच. बाकावर मधोमध इतवारी बाई, एका मंडळाच्या अध्यक्ष, पदरात तांदूळ-कुंकू घेऊन. मामाजींनी नारळ फोडला. मी खुर्चीवर बसले आणि माता मायचं नाव टाकून बटण दाबलं.

पडलं. प्रोग्राम बंद, पडद्यावरची हिरवी ओळ गेली. पुन्हा सुरू केलं, सुरू झालं. पुन्हा नाव टाकलं, पुन्हा पडलं. पडद्यावर दोनच इंग्रजी शब्द: 'इल्लिगल इन्स्ट्रक्शन'. मामाजींनी ते जुळवून जुळवून वाचले आणि त्यांचा चेहराच बदलला. "इल्लिगल? आपल्या बुकिंगात इल्लिगल काऊन निंगते वो?"

कोणीतरी हसलं. इतवारी बाई हसल्या नाहीत. "मायच्या नावाले पडली जी मशीन," त्या म्हणाल्या. "हे काई बराबर नाई वाटून राह्यलं." मामाजी हातात नारळाची वाटी धरून तसेच उभे. पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं.

मी बोलले. सगळ्यांसमोर. म्हटलं, "मी नीट करून ठेवलं होतं. मधात दिव्यानं हात लावला असन. तिलेच हे पाहिजे होतं."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बसून लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्ह उघडून बघत होती, माझाच. ती उठली, माझ्याकडे बघितलं, मग मामाजींकडे. "हो मामाजी. माझ्याकडूनच काहीतरी राहिलं. उद्यापर्यंत करते."

मामाजी रागावलेच नाहीत! "असू दे बेटा, होते," म्हणाले. गेल्या वर्षी माझ्या एका पावतीवरून महिनाभर माझ्याशी धड बोलले नव्हते.

दिवसभर हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. काही मंडळं थांबली, काही "गुलाबी पावती भेटली का येतो" म्हणून गेली. दोन मंडळं समोरच्या कंपनीच्या ऑफिसात शिरताना मी पाहिली. इतवारी बाई तांदूळ तसेच पदरात घेऊन परत गेल्या.

तिने कबूल केलं. म्हणजे माझंच खरं होतं. मग जेवण का गेलं नाही?

२४ ऑक्टोबर

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी वर जाऊन दिव्याचा लॅपटॉप उघडला. ती खोलीत नव्हती. माझा प्रोग्राम त्यावर चालवला. माता मायचं नाव टाकलं. चाललं. दहा गावं टाकली, चाललं. म्हणजे प्रोग्रामला कोणी हात लावलेला नव्हता.

मग ते दोन शब्द नेटवर शोधले. खूप लोकांचं असंच झालेलं आहे. वाचत गेले तसे कान गरम झाले. प्रोग्राम ज्या मशीनवर तयार केला त्या मशीनच्या मापाचा करा असं सांगितलं, तर तो त्या मशीनला येणारे नवे हुकूम वापरतो. जुन्या मशीनला ते हुकूम कळतच नाहीत. सुरू होतं, चालतं, आणि असा एखादा हुकूम आला की जागच्या जागी मरतं. आमच्याकडे तो पहिल्या नोंदीलाच आला. एक खोटी नोंद आधी टाकली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. पण रीत.

त्या मशीनच्या मापाचा करा, ही ओळ मीच घातली होती. वेग वाढवायला. तिच्यापेक्षा पुढे जायला तिच्याच मशीनचं माप घेतलं मी.

धावत ऑफिसात गेले. दिव्या तिथे होती. मशीनवर ओळी हळूहळू वर सरकत होत्या, एका वेळी एकच काम. टेबलफॅन मशीनकडे वळवलेला, स्वतः घामाने निथळत होती.

"तुले कधी समजलं?" मी विचारलं.

"कालच. लॅपटॉपमध्ये तुमची ओळ दिसली."

"कधी? मी बोंबलली त्याच्या आधी का मागून?"

"मामाजी नारळ धरून उभे होते ना, तेव्हा पेनड्राइव्ह लावून पाहिलं."

म्हणजे मी बोलले तेव्हा तिला माहीत होतं. "मंग बोलली काऊन नाई? तोंड नव्हतं का तुले?"

ती पडद्याकडे बघत राहिली. "मी माझी चूक म्हटलं तर मामाजी बेटा म्हणतात. नवी सून ना. तुम्हाला म्हणाले नसते."

हे खरं होतं आणि म्हणून मला तिचा इतका राग आला की काय सांगू. मी इतकी वर्षं या घरात राहून जे बघितलं नाही म्हणते, ते हिने पाच महिन्यांत बघितलं. आणि वर चांगलंही वागली. आता तेही हिच्याच नावावर.

"खुर्ची पाहिजे न तुले?" मी म्हटलं. आवाज चढला होता. "घे न मंग. सीधा सांग."

"खुर्ची नको, ताई." तिने कपाळावरचा घाम पुसला. "माझी नोकरी गेली. सप्टेंबरमध्येच. वर दार लावून बसते, कॉम्प्युटरवर काहीच नसतं. पंधराला मुलाखत दिली, तीही गेली. मला दिवसभर बसायला कुठेतरी जागा पाहिजे. बाकावर बसेन."

कुरिअरवाला. कांदा. फाईल. मी सगळं पाहिलं होतं, इथे लिहिलंसुद्धा होतं. आणि प्रत्येक ठिकाणी तिला माझ्यापेक्षा वर बसवलं होतं.

मी कपाटातून तिहेरी कागदांचा गठ्ठा काढला आणि प्रिंटरपाशी बसले. "इकडे ये," म्हटलं. "हे भोकं या दात्यात बसवाचे. गुलाबी खाली. ओढू नको, फाटते."

२५ ऑक्टोबर

मशीनचं शिजवून झालं. वेळ लागला, पण करपलं नाही. दिव्या म्हणाली, "तुम्ही टाका." मी माता मायचं नाव टाकलं. नोंद बसली. प्रिंटर कर्रकर्र वाजला. इतवारी बाईंना निरोप धाडला होता, त्या आल्या, पावतीवर कुंकू लावलं, पदरातले तांदूळ टाकले. "आता झाली," म्हणाल्या, आणि मग आपल्या मंडळाची तारीख सांगितली. गेलेल्या दोन मंडळांपैकी एक परत आलं.

मी मामाजींना एकीकडे बोलावून सांगितलं, परवाची चूक माझी होती, दिव्याची नाही. कोणती ओळ, कोणाचं मशीन, सगळं सांगितलं. मामाजींनी अर्धं ऐकलं. "मले त का समजते त्यातलं? चालू झाली न?" आणि चहा मागवला. एवढ्यासाठी मी रात्र तळमळून काढली होती.

बाक भिंतीला लावला आणि तिथे दुसरी खुर्ची आणून ठेवली. दिव्या तारखा बघते, मी माणसं. एका मंडळाने विचारलं, खलनायक अंकुशच येणार न? ती म्हणाली, "तेच येतील, मी मशीनमध्ये टाकलं आहे." मंडळ खूश. तिला बोलणंही जमतं. जमणारच.

२९ ऑक्टोबर

प्रेसमधून पोस्टरचा नमुना आला. हिरोचं तोंड सगळ्यात मोठं, अंकुशचं कोपऱ्यात, मिशीसकट. मी थेट खालच्या ओळीकडे गेले. "बुकिंगसाठी संपर्क: निशा मॅडम". एकटीच मी.

प्रेसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मामाजींनी दोन नावं सांगितली होती, मग तुमच्या धाकट्या बाईंचा फोन आला, माझं काढा म्हणाल्या.

म्हणजे हेही तिनेच दिलं. माझं नाव माझ्या पोस्टरवर तिच्या कृपेने! मला ते नको. आधी पूर्ण हवं होतं, आता असं नको.

"लिहून घ्या," मी त्याला म्हटलं. "निशा मॅडम, दिव्या मॅडम."

"एका ओळीत मावत नाई बाई. अक्षरं लहान करू का दोन ओळी करू?"

"दोन ओळी करा."

"वर कोनाचं?"

दिव्या समोर बसून कागद लावत होती. गुलाबी खाली, न ओढता. तिने मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

"वर माझं," मी म्हटलं. "तिच्यापेक्षा जराशा मोठ्या अक्षरात. आणि तिचं नाव गाळलं तर पोस्टर परत पाठवीन."